शिट्टीच्या आधी

लाउरो आणि सिप्रियानो यांची मैत्री आमच्या पालमार गावात कुणी पाहिलीच नव्हती. गावात समोरासमोर आले तर दोघं मान हलवायचे, फार तर "काय उकाडा हा" एवढं म्हणायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. लाउरो लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा, सिप्रियानो लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचा. घरं गावाच्या दोन टोकांना. एकाच्या घरच्या कॉफीची चव दुसऱ्याला ठाऊक नव्हती. मैत्री होती ती सगळी रस्त्यावरची. देपोर्तिवो पालमार या आमच्या फुटबॉल संघाचा सामना परगावी असला की एर्लिंदाबाई बस ठरवायच्या, आणि त्या बसमध्ये हे दोघं अठरा वर्षं शेजारी शेजारी बसत आले होते.

अठरा वर्षं! आणि आमच्या देशातले रस्ते म्हणजे सामना दीड तासाचा आणि प्रवास वीस तासांचा. तेवढ्या वेळात माणूस किती बोलणार? पण हे बोलायचे. लाउरोची बायको त्याला सोडून गेली हे त्याच्या सख्ख्या भावाच्या आधी सिप्रियानोला कळलं, कोचाबांबाच्या वाटेवर टायर फुटून बस उभी असताना. सिप्रियानोची बायको वारली, तेव्हा दफनाच्या दिवशी तो रडला नव्हता. रडला तो सात आठवड्यांनी, तारिहाहून परतताना, तोंडावर टोपी ओढून. लाउरोनं तेव्हा फक्त खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्यांचा एक कायदा होता. पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. ला पासला गारा पडत होत्या, आपला संघ सहा गोलांनी मार खात होता, आपलीच माणसं खाली मान घालून बसकडे निघाली होती, तरी हे दोघं प्लास्टिकचं एक पोतं डोक्यावर धरून बसून राहिले. "संघ मार खात असताना उठून जातो ना," सिप्रियानो म्हणायचा, "तो उद्या आई आजारी पडली तरी उठून जाईल." लाउरोला हे थोडं जास्तच वाटायचं. पण उठला तोही कधी नव्हता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये सिप्रियानोच्या हृदयानं दगा दिला. कुणाचा तरी फ्रिज उघडून बसलेला असताना तो तिथंच आडवा झाला. आठ दिवसांनी सांताक्रूसच्या इस्पितळातून परत आला, तेव्हा अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतका सैल झाला होता. त्यानंतर जवळचे, मैदानी मुलखातले दोन सामने त्यानं पाहिलेही. मग आला हंगामाचा शेवटचा सामना. एक गुण मिळाला तर पालमार पहिल्या विभागात राहणार, नाहीतर खाली जाणार. आणि सामना कुठं? पोतोसीत. चार हजार मीटरवर. आमच्याकडची धडधाकट पोरंही तिथं दोन जिने चढली की भिंत धरतात.

सामन्याच्या आधीच्या बुधवारी एक मुलगी गिरणीत लाउरोला शोधत आली.

"काका, मी मारिसेल. सिप्रियानोची मुलगी."

"तुला न ओळखायला काय झालं," लाउरो म्हणाला. त्यानं तिला आधी कधीही पाहिलं नव्हतं. "पंधराव्या वाढदिवसाला नाचताना तुझा झगा उसवला होता, तेही ठाऊक आहे मला."

मुलगी कसंनुसं हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "डॉक्टर म्हणालेत, वरची हवा त्यांना सोसायची नाही. मी बोलायला गेले तर म्हणतात, मी काय कोंबडी आहे, टोपलीखाली झाकून ठेवायला? माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. त्यांना नेऊ नका, काका."

"सांगतो मी त्याला."

"सांगतो नको. शपथ घ्या."

लाउरोनं हातातली करवत खाली ठेवली आणि आपल्या आईची शपथ घेतली.

शुक्रवारी तो आयुष्यात पहिल्यांदा सिप्रियानोच्या दुकानात गेला. रस्ताभर त्यानं वाक्य तयार केलं होतं. "लेका, मला भीती वाटते, तू येऊ नकोस." बस्स, एवढंच. दुकानात पाहतो तर सिप्रियानो फ्रिजच्या रिकाम्या खोक्यावर हिरवी जर्सी पसरून तिला इस्त्री करत होता. शेजारी बॅग, बॅगेवर लोकरी टोपी, उंचावर दम लागू नये म्हणून चघळायच्या कोका पानांची पुडी. लाउरोला दारात पाहून त्याचा चेहरा असा काही फुलला की इस्पितळातून आलेला तो माणूस क्षणभर कुठं दिसेनाच.

"अरे, तू आणि इथं! काय, गिरणी जळली की काय?"

"सहज आलो."

"सहज! अठरा वर्षांत सहज आला नाहीस ते! बस, बस. कॉफी टाकतो." तो गाळणं शोधायला लागला आणि पाठमोराच म्हणाला, "एर्लिंदाबाईंचा फोन लागत नाही रे. बस किती वाजता सुटतेय?"

बस शनिवारी दुपारी बाराला सुटायची होती. लाउरो म्हणाला, "चारला."

असं म्हणायचं त्यानं ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला, आणि गेल्यावर मात्र त्याला हलकं वाटलं. समोरासमोर बोलायचं संकट टळलं होतं. भित्र्या माणसाला आपला भित्रेपणा नेहमी युक्तीसारखा दिसतो. लाउरोनं कॉफी प्यायली, चांगली झाली आहे म्हणाला, आणि ताकास तूर लागू न देता घरी गेला.

शनिवारी बाराला चौकात बस लागली. एर्लिंदाबाई यादी घेऊन दारात उभ्या होत्या. साठीची बाई, चीजच्या पावाची टोपली एका हातात, वही दुसऱ्या हातात, आणि आवाज असा की चालकाला हॉर्नची गरज नाही.

"सिप्रियानो कुठाय?"

"येत नाही तो. तब्येत बरी नाही."

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला."

एर्लिंदाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सिप्रियानो स्वतः म्हणाला, मी येत नाही? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि ह्याची जिवंतपणीच गेली?" पण बस सुरू झाली होती, पोरं ढोल बडवायला लागली होती. त्यांनी नाव खोडलं. गावाची वेस ओलांडताना लाउरोनं फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

रविवारी सकाळी पोतोसीत उतरल्यावर बातमी कळली. त्यांची बस घाट ओलांडून गेल्यावर, पहाटे, खालच्या गावकऱ्यांनी दगड आणि जळते टायर टाकून रस्ता अडवला होता. पाण्याच्या की कसल्याशा मागणीसाठी. आमच्याकडे हे पावसापाण्यासारखंच असतं, कधीही येतं. "थोडक्यात सुटलो ग बाई," एर्लिंदाबाई म्हणाल्या. लाउरोचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सिप्रियानो चिडून दुसऱ्या एखाद्या बसनं निघाला असेल, तरी अडकून तिथूनच परतला असणार. त्यानं गरम मक्याच्या पेयाचे दोन ग्लास घेतले, मग भानावर येऊन दुसरा ग्लास शेजारच्या पोराला दिला.

सामना तीनला सुरू झाला. पाहुण्यांसाठी मैदानाच्या टोकाला उघड्यावरच्या सिमेंटच्या पायऱ्या, वर कडक ऊन, आणि सावलीत गेलं की हाडं गोठवणारा वारा. चाळीसजण दम लागेपर्यंत ओरडत होते, आणि दम तिथं फार लवकर लागतो. विसाव्या मिनिटाला पोतोसीनं गोल केला. लाउरोनं डोकं हातात धरलं. वर पाहिलं तेव्हा खालच्या दरवाज्यातून एक माणूस पायऱ्या चढून येत होता.

एक पायरी चढायचा, थांबायचा. कठड्याला हात. पुन्हा एक पायरी. गुडघ्यापर्यंत धूळ, आणि अंगात इस्त्री केलेली हिरवी जर्सी. लाउरोनं त्याला ओळखलं. तो उठून मदतीला गेला नाही, जाताच येईना. सिप्रियानो आला, त्याच्या शेजारी बसला, आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. त्याचे ओठ जांभळे पडले होते.

"कसा आलास?" लाउरोनं विचारलं.

"चालत."

"कुठून?"

"जिथं रस्ता अडवला होता तिथून. बसवाला म्हणाला, पलीकडं दुसरी गाडी मिळेल, चालत जा. दोन तास." प्रत्येक शब्दामागे तो थांबत होता. "सगळी चढण. किती झाले?"

"एक शून्य. त्यांचा."

"हं."

बस्स, एवढंच. कुठल्याही शिव्या नाहीत. लाउरो शिव्यांची वाट पाहत होता. शिवी दिली असती तर पायावर डोकं ठेवता आलं असतं. ज्या माणसाला वाचवायला खोटं बोलला, त्याला त्या खोट्यानंच एकट्याला चढणीला लावलं होतं. आपल्या बसमधून आला असता तर निदान एक पाऊलही चालावं लागलं नसतं. लाउरो पुढचा सामना पाहत नव्हता. तो शेजारच्या छातीकडे पाहत होता. श्वास आत जायचा, अर्ध्यावर अडायचा, मग घाईनं बाहेर यायचा.

मध्यंतरात तो खाली जाऊन रुग्णवाहिकेतल्या नर्सला घेऊन आला. तिच्या हातात प्राणवायूची नळकांडी होती.

"काय होतंय आजोबा?"

"मला काही नाही," सिप्रियानो म्हणाला. "हा प्यायलाय. ह्याला लावा."

मागची पोरं हसली. नर्सनं तरी त्याची नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "तुम्ही खाली उतरायला हवं. आत्ता. सुक्रेला न्या ह्यांना, टॅक्सीनं."

"शिट्टी झाल्यावर." सिप्रियानोनं हात सोडवून घेतला. नर्सनं चार मिनिटं बळेच नळी लावली, मग पलीकडे कुणी पडलं म्हणून तिला बोलावणं आलं आणि ती नळकांडी घेऊन गेली.

"चल," लाउरो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

"तू बस."

"सिप्रियानो, मरशील."

"मग मरू दे. अठरा वर्षं बसलोय मी. तू नको शिकवूस."

साठाव्या मिनिटापर्यंत लाउरो बसला. मग त्याच्या मनात एकच विचार राहिला, आणि तो फार साधा होता. हा माझ्या विनवण्यांनी उठणार नाही, कारण मी शेजारी आहे तोवर ह्याच्यासाठी सगळं नेहमीसारखंच चाललंय. तो उभा राहिला.

"मी जातो," तो म्हणाला.

सिप्रियानोनं वर पाहिलं. लाउरो आजारी आईला सोडून उठून चालल्यासारखं पाहिलं. "शिट्टीच्या आधी?"

"हो."

पायऱ्या उतरताना एर्लिंदाबाईंनी विचारलं, "कुठं रे?" तो तसाच खाली उतरत गेला. दरवाज्याबाहेरच्या भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. रस्त्यावर एक टॅक्सी थांबवली, चालकाला म्हणाला, सुक्रे, थांब जरा. चालक म्हणाला, किती जरा? लाउरो म्हणाला, मला ठाऊक नाही. आपण काय केलं हे त्याला कळत होतं. तो आला नाही तर? तिथंच पायरीवर एकटा कलंडला तर? लाउरोचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण त्या भिंतीपाशी त्यानं देवाला सगळं देऊ केलं. पालमार खाली जाऊ दे, बुडू दे, क्लबला कुलूप लागू दे, फक्त ह्याला त्या दारातून बाहेर काढ.

ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास सिप्रियानो दारातून बाहेर आला. भिंत चाचपत.

"तुझ्यासाठी नाही आलो," तो म्हणाला. "चेंडू दिसेना झाला. सगळं काळं झालंय."

लाउरोनं काखेत हात घालून त्याला धरलं. चालकही उतरून आला. सिप्रियानोचा एक पाय टॅक्सीत गेला होता, तेवढ्यात मागचं मैदान गप्प झालं.

ज्यानं परगावचे सामने पाहिलेत त्याला ही शांतता सांगावी लागत नाही. हजारोंचा आवाज एकदम कापल्यासारखा बंद होतो, आणि मग कुठून तरी कोपऱ्यातून, दूरवरून, मूठभर माणसांचं बारीक ओरडणं येतं. ती आपली माणसं असतात. बरोबरी झाली होती. एवढी टिकली की पालमारला गुण मिळणार होता.

सिप्रियानो वळला. त्याला दिसत नव्हतं, तरी तो मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. "दहा मिनिटं," तो म्हणाला. "लाउरो, दहाच मिनिटं राहिलीत. मला उभं कर नुसतं दारात. ऐकतो मी."

लाउरोनं त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्याला गाडीत ढकललं. हळू नाही. पोतं ढकलावं तसं. दार लावलं आणि चालकाला म्हणाला, "चल."

वाटेत सिप्रियानो डोळे मिटून पडून होता. खाली खाली उतरताना तासाभरानं त्याच्या ओठांचा जांभळेपणा कमी व्हायला लागला. लाउरो ते पाहत होता आणि त्याला रडू येत होतं. सुक्रेच्या इस्पितळात त्याला लगेच आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दोन दिवस लाउरो खाटेशेजारच्या खुर्चीवर बसून होता आणि सिप्रियानो भिंतीकडे तोंड करून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीशीच बोलला.

"तू म्हणाला असतास, नको येऊस, मला भीती वाटते, तर मी तुला आईवरून शिवी दिली असती. मग घरी रेडिओ लावून बसलो असतो."

"बसला नसतास तू."

"कदाचित नसतो बसलो. पण तू विचारलंच नाहीस. साडेतीनला बॅग घेऊन मी चौकात उभा होतो. आइसक्रीमवाला म्हणाला, बस तर बाराला गेली. मी हसलो, लाउरो. म्हटलं, माझंच डोकं फिरलंय, वेळ विसरलो. तुझं नाव नाही घेतलं मी."

लाउरोनं माफी मागितली. अडखळत, पुन्हा पुन्हा मागितली. सिप्रियानोनं ती ऐकून घेतली की नाही ते कळलं नाही.

दुपारी मारिसेल विमानानं आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिनं लाउरोचे दोन्ही हात धरले. "तुम्ही शपथ पाळलीत, काका," ती म्हणाली. "तुमच्यामुळे आहेत ते." लाउरोला तिच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही.

गावात परतल्यावर कुणालाच काही वेगळं जाणवलं नाही. जाणवणार कसं? गावात ते दोघं कधी बोलतच नव्हते. फक्त आता समोर आले की सिप्रियानो मानही हलवत नव्हता, रस्त्यापलीकडच्या झाडांकडे पाहत जायचा. लाउरो तो दृष्टीआड होईपर्यंत उभा राहायचा आणि चाल पाहायचा. चाल चांगली होती.

चार महिन्यांनी नवा हंगाम सुरू झाला, पालमार पहिल्या विभागातच राहिलं होतं. पहिला परगावचा सामना त्रिनिदादला, सपाट मुलखात, नदीकाठी. डॉक्टरांची हरकत नव्हती. एर्लिंदाबाईंची बस चौकात लागली. लाउरो आपल्या जागी बसला होता, तेव्हा सिप्रियानो चढला. बॅग खांद्याला, अंग जरा भरलेलं, गालावर रंग. एर्लिंदाबाईंनी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि वहीत नाव लिहिलं. तो मधल्या वाटेनं येऊ लागला. लाउरोनं खिडकीकडे सरकून जागा केली. सिप्रियानो चार रांगा आधीच थांबला, बॅग वर टाकली आणि तिथंच, एका अनोळखी माणसाशेजारी बसला.

लाउरोला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी त्याला सिप्रियानोच्या टोपीच्या कडेखालची मान दिसत होती, खांदे दिसत होते, आणि खांदे सावकाश, नीट वर-खाली होत होते. मेलेला माणूस रुसत नाही, तो मनाशी म्हणाला. रुसायला श्वास लागतो. सौदा त्यानंच केला होता, आणि पुन्हा करायची वेळ आली असती तर त्यानं त्याला पुन्हा तसंच ढकललं असतं. फक्त शुक्रवारी दुकानात खरं बोलला असता.

बस सुटायच्या बेतात होती. दोन जागा शोधत एक जोडपं मागेपर्यंत आलं. नवऱ्यानं लाउरोच्या शेजारच्या जागेकडे हात दाखवला.

"ही जागा कुणाची आहे का, साहेब?"

"आहे."

"कुठायत मग ते?"

"पुढे बसलाय," लाउरो म्हणाला. "यायचा तेव्हा येईल."

तो माणूस बायकोला घेऊन मागच्या रांगेकडे गेला, आणि चालकानं दार लावलं.